पत्रिका सहाशे, पानं चारशे

"सीट किती आहेत?" बाबांनी विचारलं. मला सांगता आलं नाही. "बरं, फॉर्म किती येतात?" तेही नाही. "मंग कटऑफ?" मी म्हटलं, कटऑफ नसतो बाबा. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सीट मालूम नाही, फॉर्म मालूम नाही, कटऑफ नाही, अन् खर्च कोटीच्या घरात. मंग काय पाहून राहिली तू रोज रात्री एक-एक वाजेपर्यंत?"

मी एक तक्ता पाहून राहिले होते. एक्सेलमध्ये बारा ओळी. डावीकडे परदेशात सार्वजनिक धोरणाचं पदव्युत्तर शिक्षण देणाऱ्या बारा ठिकाणांची नावं आणि त्यापुढे एकच रकाना: शंभर अर्जांत किती जणांना घेतात. वीसपेक्षा कमी असेल तर लाल, वीस ते चाळीस पिवळा, त्यापुढे हिरवा. दोन लाल, दोन पिवळे, दोन हिरवे अशा सहा ठिकाणी अर्ज करायचा, असा बेत होता. अकरावीपासून आम्हाला हेच शिकवलेलं. कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरताना वरती स्वप्नातली कॉलेजं टाकायची, मधे मिळतील अशी, खाली पडून राहण्यापुरती.

बाबा एसटीत होते, गणेशपेठ आगारात वाहतूक नियंत्रक. गाडीत चव्वेचाळीस सीट म्हणजे चव्वेचाळीस. त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हताच. उत्तर इतकं निसरडं का आहे, हे कळायला मला पुढचे दोन महिने लागले.

मी सिव्हिल इंजिनीअर. कॉलेज झाल्यावर पुलांच्या कामावर न जाता भंडाऱ्याकडच्या एका संस्थेत मामा तलावांवर काम करत होते. मामा म्हणजे माजी मालगुजारी; मालगुजार म्हणजे शेतसारा गोळा करणारे जमीनदार. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत, गोंड राजांच्या काळापासून बांधत आलेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचे झाले. आम्ही गाळ मोजायचो, पाळ कुठे झिरपते ते पाहायचो, खालच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या शेतांना, पाणी किती दिवस पुरतं ते लिहून घ्यायचो. पण तलाव एका खात्याचा, गाळ काढायची योजना दुसऱ्याची, मासेमारीचा ठेका तिसरीकडे, आणि पोटातलं अतिक्रमण चौथ्याच्या नकाशावर. तलावाला चार मालक, अन् पाळ फुटली की एकही नाही. सिमेंट कुठलं वापरायचं हे मला येत होतं. सही कोणाची लागते आणि ती का होत नाही, हे शिकायचं होतं.

तर तक्ता. त्यातल्या टक्केवाऱ्या मी कुठून आणल्या होत्या, हे सांगायला आता लाज वाटते. इकडून तिकडून. एकाच अमेरिकन संस्थेसाठी एका ठिकाणी पंधरा सापडले, दुसरीकडे चाळीस. मी सरासरी काढून साडेसत्तावीस लिहिले आणि पिवळा रंग दिला. इंजिनीअर बाई, मापाला माप जुळलं नाही तर पुन्हा मोजायचं असतं एवढं तरी कळायला हवं होतं.

मग त्या त्या संस्थांचीच माहिती उघडून बसले. ब्रिटनमध्ये मामला सरळ निघाला. ऑक्सफर्ड आपल्या अभ्यासक्रमाच्या माहितीतच जागा किती आणि गेल्या तीन वर्षांत सरासरी किती अर्ज आले ते छापतं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सही अर्ज आणि प्रवेश असे दोन आकडे देतं. बाबांना दाखवलं तर ते खूश. "हे बरं आहे." अमेरिकन धोरणसंस्थांमध्ये मात्र बहुतेक ठिकाणी हा आकडा मिळत नव्हता. त्याऐवजी वर्गाची ओळख असते: सरासरी वय, नोकरीची वर्षं, किती देशांतले विद्यार्थी, परीक्षेतले मधले गुण. आमच्याकडे लग्न ठरवताना मुलाचा पगार विचारला की समोरचे म्हणतात, "घराणं चांगलं आहे." तसंच काहीसं.

माझा मामेभाऊ दोनदा यूपीएससी देऊन बसलेला. धरमपेठेतल्या अभ्यासिकेत सकाळी सातला जाऊन खुर्ची धरायचा. रविवारी तर्री पोह्यांवर त्याला तक्ता दाखवला. तो हसला. "ताई, तू टक्के काढून राहिली, पण खाली काय ठेवून राहिली?" आणि त्याने त्याच्या तोंडपाठ असलेले आकडे सांगितले. २०२२ च्या नागरी सेवा परीक्षेला ११ लाख ३५ हजार लोकांनी अर्ज भरले. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले ५ लाख ७३ हजार. शेवटी शिफारस झाली ९३३ जणांची. अर्जांनी भागलं तर दहा हजारांत आठ, बसलेल्यांनी भागलं तर दहा हजारांत सोळा. परीक्षा तीच, निकाल तोच, अन् अवघडपणा एका भागाकारात निम्मा. "अर्ध्या लोकांनी घरच्यांच्या समाधानासाठी फॉर्म भरलेला असतो," तो म्हणाला, "पेपरच्या दिवशी ते कोणाच्या तरी लग्नाला गेलेले असतात."

यूपीएससीचा फॉर्म शंभर रुपयांत भरता येतो, आणि मला बाई म्हणून तेही माफ. या परदेशी संस्थांत एका अर्जाला शंभर डॉलरच्या आसपास. शिवाय जीआरई या प्रवेशपरीक्षेचे वीस हजारांच्या वर, इंग्रजीच्या परीक्षेचे वेगळे, तीन शिफारसपत्रं, दोन-तीन निबंध. एवढं करून गंमत म्हणून कोणी अर्ज करत नाही. म्हणजे भागाकाराच्या खाली जी गर्दी असते ती आधीच चाळलेली असते. त्यामुळे इथले वीस टक्के आणि तिथले वीस टक्के एकाच फूटपट्टीवर ठेवता येत नाहीत.

काही ठिकाणी ही चाळणी दारावरच लावलेली आहे. हार्वर्डच्या केनेडी स्कूलमध्ये आंतरराष्ट्रीय विकासाचा एक वेगळा अभ्यासक्रम आहे, त्याला सूक्ष्म अर्थशास्त्र, स्थूल अर्थशास्त्र आणि अनेक चलांचं कॅल्क्युलस आधी झालेलं लागतं. त्याच छताखाली अनुभवी लोकांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, तिथे किमान सात वर्षांची नोकरी हवी. आणि नेहमीचा दोन वर्षांचा एमपीपी, म्हणजे सार्वजनिक धोरणाची पदवी, तिसराच. माझ्या तक्त्यात या तिन्हींची एकच ओळ होती: "हार्वर्ड, लाल". शिवशाही, साधी गाडी आणि मुक्कामी गाडी मिळून एकच वेळापत्रक लावल्यासारखं. हे बाबांना सांगितल्यावर ते बराच वेळ मान हलवत राहिले.

जीआरई मी घरूनच दिली. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, फक्त एवढंच की कॅमेरा फिरवून आख्खी खोली दाखवावी लागते, पलंगाखालचं सामानही, आणि साधा कागद चालत नाही, पुसता येईल असा छोटा पांढरा फळा लागतो. आईने त्या दिवशी कुकर लावलाच नाही. दोन तास घरात कोणी बोललं नाही, शेजारच्या काकूंनी बेल वाजवली तर बाबा ओठांवर बोट ठेवून बाहेर गेले. गणितात १६३, इंग्रजीत १५६.

गुण हातात आल्यावर पुन्हा त्या 'वर्गाच्या ओळखी' उघडल्या आणि घाबरले. एका ठिकाणी मधले गुण माझ्यापेक्षा चांगलेच वर. दोन दिवस त्या ओळीला लाल करून ठेवलं. मग लक्षात आलं की या संस्थेने ही परीक्षा ऐच्छिक केलेली आहे. साथीच्या काळापासून बऱ्याच जणांनी केली. ऐच्छिक म्हटल्यावर गुण पाठवणार कोण? ज्यांचे चांगले आहेत ते. बाकीचे गप्प बसतात. मग मधला आकडा आपोआप वर सरकतो. वर्ग काही हुशार झालेला नसतो, फक्त कमी गुणवाले मोजणीतून निघून गेलेले असतात. अन् मधला आकडा म्हणजे अर्धा वर्ग त्याच्या खाली असतो, हे तर मला शाळेत शिकवलेलं. घाबरलं की शाळेतलं आधी जातं.

आमच्या संस्थेत माझ्याआधी काम केलेल्या एक ताई अमेरिकेत हेच शिकून आता दिल्लीत असतात. त्यांना फोन लावला. मी टक्क्यांचं सांगायला लागले तर त्यांनी मधेच थांबवलं. "प्रवेश मिळालेले अन् प्रत्यक्ष गेलेले, यात फरक करते का तू?" मी करत नव्हते. त्या म्हणाल्या, समज वर्गात शंभर बाकं आहेत. तुला वाटतं त्यांनी शंभर जणांना होकार पाठवला. तसं नसतं. त्यांना माहीत असतं की होकार गेलेल्यांपैकी बरेच दुसरीकडे जातील, काहींना पैसे जमणार नाहीत, काहींचा व्हिसा अडकेल. म्हणून ते अडीचशे जणांना बोलावतात. जिथून कोणी नकार देत नाही तिथे सव्वाशे होकार पुरतात. बाकं तेवढीच, अर्ज तेवढेच, पण टक्केवारी दुप्पट.

मी हे जेवताना घरी सांगितलं. बाबांनी घास हातात धरला. "म्हणजे लग्नाच्या पत्रिका."

"काय?"

"तुझ्या आत्याच्या लग्नात पत्रिका वाटल्या सहाशे. आचाऱ्याला पानं सांगितली चारशे. साऱ्यांनाच वाटलं नाही का, की आपल्याला खास बोलावलं?" आणि थोडं थांबून, "वर्धेवाले सारे आले होते पण. ऐन वेळी वरण वाढवावं लागलं."

तेव्हापासून आमच्या घरात त्या आकड्याला पत्रिका-पानं हेच नाव पडलं.

ताईंनी आणखी एक विचारायला सांगितलं होतं: पैसे कोण देतं. इथे माझ्या रंगांचा पारच चुथडा झाला. प्रिन्स्टनच्या दोन वर्षांच्या एमपीएचा, म्हणजे सार्वजनिक प्रशासनाच्या पदवीचा, वर्ग छोटा आहे, पण आत गेलेल्याची शिकवणी फी संस्था भरते. म्हणजे तिथे दार एकच. पुष्कळ ठिकाणी दारं दोन असतात. पहिलं प्रवेशाचं, ते बऱ्यापैकी रुंद. दुसरं शिष्यवृत्तीचं, ते सुईच्या नेढ्याएवढं. माझ्यासारखीला पहिल्या दारातून आत जाऊन ओसरीवरच बसायचं आहे. ज्या ओळींना मी हिरवा रंग देऊन निश्चिंत झाले होते, त्यातल्या दोन ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याला मदत जवळपास नव्हतीच. माझ्यापुरत्या त्या सगळ्यात लाल.

अमेरिकेत शिकायला मिळणाऱ्या फुलब्राइट शिष्यवृत्तीचाही विचार केला. त्यांच्या पदव्युत्तर शिष्यवृत्तीत सार्वजनिक प्रशासन हा विषय आहे, पण पूर्णवेळ कामाची तीन वर्षं लागतात. माझी दोन वर्षं आठ महिने. चार महिन्यांनी हुकली. याला सिलेक्टिव्ह म्हणायचं की कॅलेंडर, मला माहीत नाही.

इंदोऱ्यातली माझी एक मैत्रीण त्याच वर्षी अर्ज करत होती, राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या भरवशावर. तिला मी मोठ्या उत्साहाने माझं नवं ज्ञान सांगायला गेले. अमेरिकेतल्या धोरणसंस्थांची जी प्रसिद्ध क्रमवारी आहे, यूएस न्यूजची, ती फक्त एकमेकांच्या डीन-संचालकांना विचारून केलेली असते, प्रवेशाच्या टक्क्यांचा तिच्याशी संबंधच नाही, वगैरे. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझी यादी तुझ्या टक्क्यांनी ठरत नाही ना बाई. शिष्यवृत्तीला विद्यापीठाची जागतिक क्यूएस क्रमवारी लागते. विभाग कितीही चांगला असो, विद्यापीठ यादीत बसलं नाही तर माझ्यासाठी ते नाहीच." तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा कोलंबियातला फोटो होता. १९१३ साली बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते तिथे गेले, तेव्हा पुढची अट बडोद्याला परत येऊन नोकरी करण्याची होती. अट प्रत्येकाला असतेच, तिची वेगळी, माझी वेगळी. मी माझा रंगीत तक्ता न उघडताच लॅपटॉप मिटला आणि आम्ही चहा प्यायलो.

त्या रात्री तो टक्क्यांचा रकाना मी काढून टाकला. नव्या तक्त्यात जे राहिलं ते असं: माझ्यासारखी, म्हणजे इंजिनीअर, तीनेक वर्षं गावात काम केलेली, अर्थशास्त्र न शिकलेली, अशी माणसं त्या वर्गात दिसतात का, होकार आल्यावर लोक तिथे जातात का, आणि बाबांच्या ग्रॅच्युइटीला हात न लावता मला ते परवडेल का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळवायला मी माजी विद्यार्थ्यांना निरोप पाठवले. अकरा जणांना. सात जणांनी उत्तर दिलं, त्यातल्या दोघांनी तर फोनवर तासभर दिला. अनोळखी मुलीला इतका वेळ देणारी माणसं असतात, याचंच मला जास्त आश्चर्य वाटलं. बारा ओळींच्या सहा झाल्या. देशातली दोन ठिकाणंही त्यात आली, बंगळूरचं नॅशनल लॉ स्कूल आणि मुंबईचं आयआयटी, कारण तिथे प्रवेश अवघड असला तरी कर्ज झोपू न देण्याइतकं नव्हतं.

डिसेंबर आला. अमेरिकेतल्या काही अर्जांची मुदत आणि विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन एकाच वेळी. सिव्हिल लाइन्समध्ये बॅरिकेड, मोर्चे, मंत्र्यांच्या गाड्यांचा ताफा. आमची संस्था तलावांचं निवेदन घेऊन गेली होती, मीही. दिवसभर उन्हात उभी, रात्री उद्देशपत्र. शिफारसपत्रासाठी कॉलेजातल्या एका सरांकडे गेले तर ते म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." मी नको म्हटलं, कारण पत्र त्यांनीच लिहायचं असतं आणि थेट पाठवायचं असतं. सर जरा नाराज झाले. शेवटी साकोलीकडच्या एका निवृत्त शाखा अभियंत्यांनी पत्र दिलं. त्यांनी माझ्यासोबत तीस तलाव पायी पाहिले होते. इंग्रजी मोडकं होतं, पण कुठल्या पाळीवर मी काय म्हटलं होतं ते तारखेसकट. मला त्या पत्राचीच जास्त खात्री वाटत होती.

उद्देशपत्राचा पहिला खर्डा ताईंनी त्यांच्या अमेरिकन वर्गमैत्रिणीला वाचायला दिला. तिने समासात लिहिलं, तलावांना आई का म्हणतात हे फार सुंदर आहे, अजून खुलव. 'मामा'चा तिने आई असा अर्थ लावला होता! आम्ही पोट धरून हसलो. पण मग मी पहिला परिच्छेद पूर्ण बदलला आणि मालगुजार कोण, तलाव कोणाचे, हे आधी सांगितलं. बाहेरच्या माणसाला चार मालकांची गोष्ट कळत नसेल, तर अर्ज अडीचशे पत्रिकांतही बसणार नाही.

मार्चमध्ये उत्तरं यायला लागली. जुन्या तक्त्यात जिला हिरवा रंग होता तिथून नकार. एका पिवळ्या ठिकाणी प्रतीक्षायादी, आणि बाबांना ते लगेच समजलं. "वेटिंग लिस्ट," ते म्हणाले. ज्या एका ठिकाणाला मी जवळजवळ सोडणारच होते, जुनं लाल, तिथून होकार आला, आणि फीच्या अर्ध्याहून जास्त शिष्यवृत्ती. पत्रात तलावांचा उल्लेख होता. दुसऱ्या एका परदेशी संस्थेचाही होकार आला, फार प्रेमळ पत्र, रंगीत माहितीपुस्तिका, भावी सहाध्यायांशी गप्पांचं आमंत्रण. मदत शून्य. देशातल्या दोन्हींचं अजून यायचं होतं.

कर्जाचा हिशेब बाबांनी वहीत मांडला, त्यांच्या जुन्या ड्युटी चार्टच्या मागच्या कोऱ्या पानांवर. पाच रात्री. व्याजदर, डॉलर वाढला तर, मी नोकरीला उशिरा लागले तर. आई मधेच म्हणाली, "अन् नागपूरलाच राहिली तर?" कोणी उत्तर दिलं नाही.

एप्रिलच्या मध्यापर्यंत कळवायचं होतं. जुन्या लालला होकार कळवला. त्या प्रेमळ पत्रवाल्यांना नकार कळवायला बसले, तर त्यांच्या अर्जात एक प्रश्न होता, येत नसल्याचं कारण लिहा. मी खर्च असं लिहून थांबले. बाबा मागे उभे राहून पडद्यावर वाचत होते.

"यांनी पत्रिका किती वाटल्या असतील?"

"कळत नाही बाबा. छापत नाहीत."

"बरं," ते म्हणाले, "पण एक पान कमी लावा म्हणून सांग. आचारी उगाच वाट पाहील."